मुका संवेदक, लबाड संवेदक
(घरच्या बिनतारी हवामानयंत्राची रोगचिकित्सा)

रोहिणी नक्षत्र सरत आले की बेळगाव परिसरातील शेतकऱ्याचे डोळे पश्चिमेकडे लागतात. मृगाचा पाऊस किती झाला, आर्द्रा कोरडी गेली की काय, हा हिशेब मराठी घरात चालतो तसाच कन्नड घरातही चालतो. परंतु नुसते 'पाऊस पडला' म्हणून आपल्या भागात भागत नाही. घाटमाथ्यावरील आंबोलीस वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. मलप्रभेच्या उगमापाशी कणकुंबीलाही तो असाच कोसळतो. बेळगाव शहरापर्यंत येईतो त्याचा जोर ओसरून आकडा १,२०० ते १,३०० मिलिमीटरांवर उतरतो आणि पूर्वेस अथणीकडे तर ५०० ते ६०० मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडणाऱ्या प्रदेशात एका ठिकाणच्या पर्जन्यमापकाने साऱ्या तालुक्याची साक्ष द्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले गेले ते याच कारणासाठी.

अलीकडे या सरकारी नोंदींच्या जोडीला घरगुती हवामानयंत्रेही दिसू लागली आहेत. गच्चीवर किंवा परसात एका खांबाला तापमान, आर्द्रता, पाऊस व वारा मोजणारे संवेदक, म्हणजे बाजारच्या भाषेत सेन्सर, बसविलेले असतात. त्यांचे आकडे तारेवाचून घरातल्या पडद्यावर उमटतात. हौशी माणूस मोठ्या उत्साहाने हा संच बसवितो. पहिले दोन-तीन महिने दर तासाला आकडे पाहतो. मग ऐन श्रावणात एके दिवशी पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतात. किंवा बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना आर्द्रता ९९ टक्के दाखविली जाते. अशा वेळी सेल बदलणे, पेटीला चापट्या मारणे, सर्व बटणे एकामागून एक दाबून पाहणे आणि शेवटी संच माळ्यावर टाकणे, हा क्रम बहुतेक घरांत ठरलेला आहे.

वास्तविक या यंत्रांचे बहुतेक आजार साधे असतात. ते ओळखण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. बारावीपर्यंतचे पदार्थविज्ञान व थोडी चिकाटी पुरते. ती ओळख कशी करावी, हे या लेखात पाहू.

यंत्रे जुनी, निरोप्या नवा

या संचातील मोजमापाची साधने पाहिली तर त्यांत नवे असे फारसे काही नाही. पाण्याने भरताच कलंडणाऱ्या छोट्या पात्राने पाऊस मोजण्याची कल्पना इंग्लंडात ख्रिस्तोफर रेन याने १६६२ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली होती. वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांचा वायुवेगमापक आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेतील रॉबिन्सन याने १८४६ मध्ये केला. तापमापकाला उन्हापासून जपणारी झडपांची पांढरी पेटी थॉमस स्टीव्हन्सन याने १८६४ मध्ये सुचविली. आज संवेदकाभोवती दिसणारी पांढऱ्या बशांची उतरंड ही त्याच पेटीची नात होय. बिनतारी निरोपाची कल्पनाही अगदी आजची नाही. फ्रान्समध्ये रॉबेर ब्यूरो याने १९२९ मध्ये व रशियात मोल्चानोव्ह याने १९३० मध्ये फुग्याला बांधलेल्या यंत्राकडून वरच्या हवेचे तापमान बिनतारी संदेशाने जमिनीवर मिळविले. नवे एवढेच की तो निरोप्या आता स्वस्त झाला आणि आपल्या गच्चीवर येऊन बसला.

हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व तपासणी त्यावर उभी आहे. संचाचे दोन भाग आहेत. एक मोजणारा, दुसरा निरोप पोचविणारा. मोजणाऱ्याचे दोष जुनेच आहेत : कचरा, गंज, ऊन, कोळ्याचे जाळे. निरोप्याचे दोष वेगळे : संपलेले सेल, वाटेतील भिंत, शेजारचा गोंगाट.

पहिला प्रश्न

वैद्याने नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला बोलते करावे, तसा आपणही यंत्राला एक प्रश्न प्रथम विचारावा : तू मुका झाला आहेस की खोटे बोलतो आहेस? पडद्यावर आकडाच नसेल तर संवेदक मुका. आकडा आहे, पण तो बाहेरच्या परिस्थितीशी जुळत नाही, तर संवेदक लबाड. हे दोन आजार वेगळे आहेत आणि बहुधा त्यांचे मूळही वेगळे असते.

असे का, ते समजून घेण्याजोगे आहे. जुन्या काळी तार येई तेव्हा तिच्यावर मजकुराची शब्दसंख्या लिहिलेली असे. शब्द मोजून संख्या जुळली नाही, की वाटेत काहीतरी गळले हे कळे. भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण ती युक्ती जिवंत आहे. संवेदक जेव्हा आकडे पाठवितो तेव्हा त्या आकड्यांवरून गणिताने काढलेली एक पडताळ्याची संख्याही शेवटी जोडतो. घरातील ग्राहकयंत्र तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले तरच निरोप स्वीकारते, न जुळल्यास सरळ टाकून देते. म्हणजे वाटेत बिघडलेला निरोप चुकीचा आकडा म्हणून पडद्यावर सहसा येत नाही; तो येतच नाही. थोडक्यात, बिनतारी वाट खोटे बोलत नाही, ती गप्प बसते. आकडा चुकीचा असेल तर अँटेनाला हात लावण्यात अर्थ नाही, मोजणारे साधन तपासावे. आकडा नसेल तर पर्जन्यमापकाचे नरसाळे धुण्यात अर्थ नाही, सेल व वाट तपासावी. एवढा एक विवेक केला तरी अर्धे श्रम वाचतात.

या नियमाला एक अपवाद सांगून ठेवतो. पडद्यावरचे तापमान क्षणात २४ अंश, क्षणात २९ अंश, पुन्हा २४ असे उड्या मारू लागले, तर एकाच क्रमांकावर दोन संवेदक बोलत असण्याची शक्यता असते. दुसरा आपल्याच घरचा असेल किंवा शेजाऱ्याचाही असेल. दोघेही खरे बोलत असतात. फक्त एकमेकांच्या नावाने. संवेदकाच्या मागे लहानशी कळ असते, ती सरकवून क्रमांक बदलला की उड्या थांबतात.

मुक्या संवेदकाची तपासणी

मुक्या संवेदकाजवळ धावण्यापूर्वी वही उघडावी आणि तो केव्हा मुका होतो ते लिहावे. वेळ हीच येथे सर्वांत मोठी साक्षीदार आहे.

पहाटे निरोप बंद पडतात आणि सूर्य वर आला की आपोआप सुरू होतात, असे असेल तर वीजपुरवठा दुबळा आहे. अनेक संचांत लहानशी सौर पट्टी दिवसा वीज साठविते व रात्री ती पुरविते. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन न होणाऱ्या आपल्या आषाढात हा साठा पहाटेपर्यंत टिकत नाही. मग आतील सेलवर भार येतो आणि तो जुना असेल तर यंत्र झोपते. मुसळधार पावसातच निरोप तुटत असतील तर पेटीत पाणी शिरते आहे किंवा वाटेतील ओली झाडे व भिंती लहरी शोषीत आहेत. रोज संध्याकाळी ठरावीक वेळीच खंड पडत असेल तर घरातील एखादा दिवा अथवा चार्जर पाहावा. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांतील व चार्जरमधील मंडले बिनतारी गोंगाट करतात. एखाद्या दिवशी अचानक आणि कायमचा खंड पडला, तर त्या दिवशी घरात काय बदलले ते आठवावे. दर्शकपेटी दुसऱ्या खोलीत नेली का? गच्चीवर पत्रे घातले का?

यानंतरची कसोटी एकच, पण निर्णायक. संवेदक खाली उतरवावा व दर्शकपेटीपासून दोन-तीन मीटरांवर ठेवावा. जवळ आणताच तो बोलू लागला, तर संवेदक ठीक आहे व दोष वाटेचा आहे. जवळ आणूनही तो मुकाच राहिला, तर दोष विजेचा, ओळखीचा किंवा खुद्द प्रक्षेपकाचा. हे करताना घाई करू नये. संवेदक सतत बोलत नसतो. संचाच्या बनावटीप्रमाणे तो काही सेकंदांनी, कुठे १६ तर कुठे ४८ सेकंदांनी, एकदाच अगदी थोडा वेळ बोलतो. पाच-दहा मिनिटे वाट पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

दोष विजेचा आहे असे दिसले तर प्रथम सेल. येथे एक फसगत होते. वापरलेला सेल मल्टिमीटरला लावला तर तो १.४ व्होल्टही दाखवितो आणि आपण तो चांगला समजतो. परंतु निरोप धाडण्याच्या क्षणी यंत्र एकदम जास्त प्रवाह ओढते. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने त्या क्षणी दाब कोसळतो. नुसता सेल मोजणे म्हणजे बसलेल्या माणसाची ताकद पाहणे. त्याला ओझे देऊन पाहावे. म्हणून शंका असेल तर सर्व सेल एकदम नवे, एकाच जातीचे घालावेत. पुन्हा भारित करता येणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टांचे असतात. कंपनीने सांगितले नसेल तर ते टाळावेत. सेल बसतात त्या पत्रींवर पांढरी भुकटी दिसली तर ते अल्कलाइन सेलमधून झिरपलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि हवेशी त्याचा संयोग होऊन झालेले क्षार होत. अल्कलीवर आम्ल, हा शाळेतला धडा येथे उपयोगी पडतो : कापसाच्या बोळ्यावर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसावे, नंतर स्पिरिटने स्वच्छ करावे व पूर्ण वाळू द्यावे. भुकटीला उघड्या बोटांनी हात लावू नये.

सेल बदलल्यावरही यंत्र मुके राहिले तर ते मुके नसून अनोळखी झालेले असते. काही संवेदक सेल काढताच आपला जुना ओळखक्रमांक विसरतात व नवा घेतात. दर्शकपेटी मात्र जुन्याच नावाची वाट पाहत बसते. काही पेट्या तर बराच काळ निरोप न आल्यास शोध घेणेच सोडून देतात. अशा वेळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शोधाचे बटण दाबून दोघांची पुन्हा ओळख करून द्यावी. 'नवे सेल घातले तरी चालत नाही' अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा इतकेच असते.

आता वाटेचा विचार. खोक्यावर 'पल्ला १०० मीटर' असे छापलेले असते. तो उघड्या मैदानावरचा पल्ला होय. अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाई होते, हा व्यस्तवर्गाचा नियम मैदानातही आहेच. घरात त्यावर भिंतींचा कर बसतो. कौलारू छपरातून लहरी बऱ्यापैकी पार होतात. सळ्यांच्या जाळीचा काँक्रिट स्लॅब त्यांना पुष्कळ अडवितो. आणि लोखंडी पत्रा त्यांना परतच पाठवितो. म्हणून संवेदक व दर्शक यांच्यामध्ये पत्रा, फ्रीज, स्टीलचे कपाट येणार नाही असे पाहावे. दर्शकपेटी खिडकीशी ठेवल्याने जे साधते ते महागड्या अँटेनानेही नेहमी साधत नाही.

येथे तरंगशास्त्राचा एक सुंदर प्रयोग घरबसल्या करता येतो. या संचांतील बरेचसे ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की पहिल्याची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर व दुसऱ्याची सुमारे ३५ सेंटिमीटर येते. खोलीत थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर यांची गाठ पडून कुठे त्या एकमेकींस बळ देतात, कुठे मारतात. ही 'मेलेली' जागा पाव तरंगलांबी सरकले तरी संपू शकते. म्हणजे दर्शकपेटी वीतभर बाजूला सरकविल्याने मुका संवेदक बोलू लागतो, यात चमत्कार नाही, व्यतिकरण आहे. दोन्हीकडील अँटेना एकाच दिशेत, बहुधा उभ्या, असाव्यात हेही त्याच शास्त्रातले.

एक सूचना परदेशी नातेवाइकांकडून संच मागविणाऱ्यांसाठी. अमेरिकेत विकले जाणारे अनेक संच ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. भारतात तो पट्टा परवानामुक्त नाही. ९१५ च्या लगत खालचा भाग येथे मोबाईल दूरध्वनी वापरतात. तेव्हा असा संच येथे स्वतः अडखळतो आणि दुसऱ्यांनाही अडथळा करतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा अल्पशक्तीच्या साधनांना मोकळा आहे. खरेदीपूर्वी खोक्यावरील हा एक आकडा जरूर वाचावा.

लबाड संवेदकाची उलटतपासणी

मुका संवेदक निदान आपला आजार लपवीत नाही. लबाड संवेदक अधिक घातक, कारण त्याचा आकडा वहीत निमूटपणे चढतो. त्याची उलटतपासणी दुसऱ्या साक्षीदाराशिवाय होत नाही. तो साक्षीदार आपण स्वतः उभा करावयाचा.

तापमानाच्या बाबतीत प्रयोगशाळेतील चांगला तापमापक संवेदकाशेजारी सावलीत टांगावा व दिवसा-रात्री अशा दोन्ही वेळी फरक लिहावा. फरक केवळ दुपारी पडतो व रात्री नाहीसा होतो, तर संवेदक निर्दोष आहे. त्याच्यावर ऊन पडते किंवा गच्चीच्या तापलेल्या फरशीची धग त्याला लागते. उपाय जागेचा. फरक रात्रंदिवस सारखाच राहतो, तर दोष संवेदकात आहे. तारेच्या टोकाला असलेला जलरोधक संवेदक ठेचलेल्या बर्फात व थोड्या पाण्यात ठेवल्यास शून्य अंशाच्या अगदी जवळ यावयास हवा. ज्या संवेदकाला अशी तार नाही तो मात्र पाण्यात बुडवू नये.

आर्द्रतेचा संवेदक आपल्या हवेत सर्वांत लवकर बिघडतो. त्यात एक पातळ बहुवारिक पापुद्रा हवेतील बाष्प शोषतो आणि त्यामुळे त्याची विद्युत्‌धारिता बदलते. तीन-तीन महिने दमट हवेत राहून व धूळ खाऊन तो सुस्तावतो. पावसात ९९ टक्के दाखविणे हा त्याचा दोष नव्हे. ऊन पडल्यावरही ९९ वरून न उतरणे हा दोष. त्याची परीक्षा मिठाने घेता येते. रसायनशास्त्र विभागातील शुद्ध सोडियम क्लोराइडमध्ये थोडेच पाणी घालून ओला लगदा करावा, तो बाटलीच्या टोपणात ठेवावा आणि ते टोपण व संवेदक हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर ठेवावेत. नेहमीच्या तापमानाला बंद डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. दर्शकावर ७३ ते ७८ आले तर संवेदक विश्वासू समजावा. ९० आले तर त्याला निवृत्त करावे. खडेमीठ वापरू नये, त्यातील मॅग्नेशियमचे क्षार आकडा खाली ओढतात. आणि डबा स्टीलचा घेऊ नये. तो निरोपच बाहेर जाऊ देणार नाही आणि आपण लबाडाची परीक्षा घेता घेता त्याला मुका करून बसू.

पर्जन्यमापकाच्या लबाडीचे प्रकार अनेक, पण खुणा स्पष्ट आहेत. नरसाळ्यात पान अडकले तर पाणी साचते व थेंबथेंब झिरपते. मग पाऊस थांबून चार तास झाले तरी एकाच मंद गतीने पाऊस चालू असल्याचे दिसते. आत कोळ्याने जाळे विणले किंवा मुंग्यांनी घर केले तर पात्र कलंडतच नाही आणि बाहेर धो-धो असता आत शून्य. खांब हलत असेल तर वाऱ्यानेच पात्र कलंडते आणि कोरड्या दिवशीही पाऊस नोंदला जातो. पात्र हाताने दहा वेळा कलंडवून पाहावे. दर कलंडण्यास ०.२ मिलिमीटर असेल तर पडद्यावर २ मिलिमीटर वाढले पाहिजेत. वाढले नाहीत तर पात्राजवळील चुंबकाने मिटणारी लहानशी कळ निकामी झाली असे समजावे.

मोजमाप अचूक आहे का, हे पाण्याने ठरवावे. समजा नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या तोंडात पडणारे ११.३ मिलिलिटर पाणी. तेव्हा २२६ मिलिलिटर पाणी मोजून, तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून अर्ध्या तासात हळूहळू सोडावे. पडद्यावर २० मिलिमीटर यावेत. पाणी भसकन ओतल्यास पात्र कलंडत असतानाचे पाणी वाया जाते व आकडा कमी येतो. मुसळधार पावसात ही यंत्रे थोडा कमी पाऊस सांगतात त्याचेही एक कारण हेच. प्रयोगाचा पाऊस त्या दिवसाच्या बेरजेतून वजा करावयास विसरू नये.

वायुवेगमापकाची वाटी बोटाने फिरवावी. ती फिरत नसेल किंवा करकरत असेल तर बेअरिंगमध्ये धूळ आहे. मोकळी फिरते पण आकडा शून्य, तर कळ किंवा जोडतार पाहावी. वीज चमकत असताना मात्र यांपैकी कोणतेही काम करण्यास गच्चीवर जाऊ नये. उघड्यावरील लोखंडी खांबाजवळ तेव्हा कोणीही उभे राहू नये.

आणखी एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. येथे हवेचा प्रत्यक्ष दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. वृत्तपत्रात १,०१० आणि आपल्या पडद्यावर ९२५ पाहून यंत्र बिघडले असे समजू नये. वृत्तपत्रातील आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. यंत्रात उंची भरली की दोन्ही जुळतात.

शून्य आणि रिकामी जागा

यंत्र दुरुस्त झाले, पण मध्यंतरी गेलेल्या दिवसांचे काय? तेथे पाऊस शून्य होता, असे लिहावे काय? मुळीच नाही. शून्य ही नोंद आहे. रिकामी जागा ही नोंद नसल्याची नोंद आहे. या दोहोंची गल्लत झाली की वही निरुपयोगी होते.

ही केवळ कारकुनी शिस्त नाही. यंत्रे कोणत्याही दिवशी सारख्याच शक्यतेने बंद पडत नाहीत, हे वर आलेच आहे. ढगाळलेल्या आठवड्यात वीज कमी पडते, मुसळधार पावसात निरोप तुटतात, वादळात खांब वाकतो. म्हणजे जे दिवस मोजावयाचे तेच दिवस निसटतात. समजा जुलैच्या ३१ दिवसांपैकी २८ दिवसांचा पाऊस ३३६ मिलिमीटर मिळाला, सरासरी रोज १२. तीन दिवस यंत्र मुके होते. ते शून्य धरले तर महिन्याचा पाऊस ३३६ होतो; सरासरी धरली तर ३७२. परंतु ते तीन दिवस अतिवृष्टीचे असून रोज ८० मिलिमीटर पडला असेल तर खरा आकडा ५७६ होय! दोन्ही सोयीस्कर उत्तरे सत्यापासून किती दूर आहेत, पाहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्याने जे भोगले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा तीन दिवसांचे मोल वेगळे सांगावयास नको.

सुदैवाने पावसाच्या बाबतीत एक सोय असते. बहुतेक संचांत संवेदक प्रत्येक कलंडण्याचा वेगळा निरोप देत नाही. आजवरची एकूण बेरीज तो दर वेळी सांगतो. त्यामुळे मधले शंभर निरोप हरवले तरी पुढचा निरोप मिळताच बेरीज जुळते. तो पाऊस किती वाजता पडला एवढेच कायमचे हरवते. पण सेल काढताच ही बेरीज पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून चालू पावसात सेल काढू नयेत. काढावेच लागले तर आधी बेरीज लिहून घ्यावी. वाऱ्याच्या झोताला मात्र ही सोय नाही. तो निसटला की निसटला.

यावर उत्तम विमा म्हणजे एक साधा, हाताने मोजावयाचा पर्जन्यमापक. तो बिनतारी यंत्राजवळच मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावा. भारतीय हवामान खाते दिवसाचा पाऊस याच वेळी मोजते, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. वहीत चार रकाने पुरेत : यंत्राचा आकडा, हाताचा आकडा, निरोपात पडलेला खंड आणि त्या दिवशी यंत्राला केलेले उपचार. एका वेळी एकच उपचार करावा. सेल, जागा व क्रमांक तिन्ही एकदम बदलले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कधीच कळत नाही. आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.

हवामानाच्या आकड्यांवर आता पैशाचे निर्णय होतात. २०१६ पासून चालू झालेल्या पुनर्रचित हवामानाधारित पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती नेमलेल्या केंद्राच्या नोंदीवरून. आपल्या घरच्या वहीला तेथे स्थान नाही. परंतु एका कलंडणाऱ्या पात्रात अडकलेले पान एखाद्या शेतकऱ्याच्या घरी काय करू शकते, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः नरसाळे धुतले आहे त्यालाच नीट कळेल. उद्या तोच विद्यार्थी अशा केंद्रावर काम करणारा असेल, किंवा त्या आकड्यांवर सही करणारा.

आपल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, भूगोल व संख्याशास्त्र हे विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. गच्चीवरच्या या एका खांबाला मात्र चौघांचीही गरज आहे : लहरींसाठी एकाची, मिठासाठी दुसऱ्याची, जागेसाठी तिसऱ्याची आणि रिकाम्या जागांसाठी चौथ्याची. मृग लागण्यापूर्वी नरसाळे धुवावे, सेल बदलावेत, मिठाची परीक्षा घ्यावी आणि वहीचे पहिले पान तारीख घालून उघडावे. खर्च म्हणाल तर चार सेल, चिमूटभर मीठ आणि एक वही.